आई-बाबांना घेऊन टोकियो: गुडघे, शाकाहार आणि सात दिवस

गोदाकाठची

नमस्कार मंडळी. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आई-बाबांना घेऊन टोकियोला जातेय. मी ३४, आई ६६, बाबा ७१. आईचे दोन्ही गुडघे दुखतात, जिने उतरताना जास्त. दोघंही पक्के शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. बाबा निवृत्त शिक्षक, इतिहास शिकवायचे, त्यामुळे त्यांना प्रत्येक पाटी वाचायची असते.

मी ठरवलेलं साधारण असं: स्कायट्री हा उंच मनोरा, शिबुया, डिस्नी, फुजी, क्योतो (एक दिवस जाऊन-येऊन), आसाकुसा, उएनो आणि खरेदी. व्हिडिओ बघून बघून डोकं भणभणलंय, प्रत्येक जण तीच दहा ठिकाणं सांगतो. तिथे राहणारं कुणी असेल तर सांगा, हे जमण्यासारखं आहे का? हॉटेल कुठे घ्यावं? जेआरचा म्हणजे जपान रेल्वेचा पास काढू का? आणि खायचं काय?

कासाईची काकू

अगं-तुगं करते, चालेल ना? माझी धाकटी बहीण तुझ्याच वयाची आहे.

मी सोळा वर्षं निशीकासाईला राहते. टोकियोच्या पूर्वेला, एदोगावा वॉर्डात. इथे इतके भारतीय आहेत की भाजी घ्यायला गेलं की एक तरी ओळखीचं भेटतंच. आपले योगेंद्र पुराणिक २०१९ साली याच वॉर्डाच्या सभेत निवडून आले. माझे आई-बाबा दोनदा आणि सासू-सासरे एकदा येऊन गेलेत. म्हणजे सत्तरीच्या माणसांना टोकियो दाखवण्याचा अनुभव आहे, आणि त्यातल्या चुकाही सगळ्या करून झाल्यात.

आधी तुझी यादी. क्योतो एका दिवसात नको. शिंकानसेनने म्हणजे बुलेट ट्रेननेही जायलाच सव्वादोन तास आणि जाऊन-येऊन माणशी साधारण २८ हजार येन. तिथे पोचून दोन देवळं बघेपर्यंत अंधार. हो, अंधार! नोव्हेंबरअखेरीस इथे साडेचारला सूर्य मावळतो, हे कुठल्याच व्हिडिओत सांगत नाहीत. दुपारचं जेवण लांबलं की दिवस संपला. त्यामुळे सकाळी नऊ-साडेनऊला बाहेर पडायचं आणि चारपर्यंत बघण्याचं सगळं उरकायचं. संध्याकाळ दिव्यांची आणि दुकानांची.

क्योतो गेलं की जेआर पासचा प्रश्नही गेला. २०२३च्या ऑक्टोबरात सात दिवसांचा पास ५० हजार येन झाला, त्याआधी तो तीस हजारांच्या आतच होता. टोकियोतल्या टोकियोत फिरायला त्याचा काही उपयोग नाही. विमानतळावरच्या स्टेशनवर तिघांची सुइका किंवा पास्मो कार्डं काढ. पैसे भरायचे आणि फाटकावर टेकवत सुटायचं. बस, मेट्रो, जेआर, रस्त्यावरची पेयांची मशीन, कोंबिनी म्हणजे इथली कोपऱ्यावरची चोवीस तास उघडी दुकानं, सगळीकडे चालतं. देवळात आणि छोट्या दुकानात मात्र रोख लागते, तेव्हा थोडे येन जवळ ठेव. सेव्हन-इलेव्हनमधल्या एटीएमवर आपली कार्डं चालतात.

आता गुडघे. हे शहर जिन्यांचं आहे. जवळपास प्रत्येक स्टेशनला लिफ्ट असते, पण ती असते फलाटाच्या एका टोकाला आणि आपण हमखास दुसऱ्या टोकाला उतरतो. यावर एक युक्ती आहे. टोकियो मेट्रोच्या फलाटावर एक तक्ता असतो, कुठल्या स्टेशनला कितव्या डब्यासमोर लिफ्ट आणि सरकता जिना येतो ते त्यात दिलेलं असतं. गाडीत चढण्याआधी तो बघायचा आणि त्याच डब्यात बसायचं. माझ्या बाबांनी तिसऱ्या दिवसापासून हे काम अंगावर घेतलं होतं. "सहावा डबा, दुसरं दार" असं जाहीर करून तिकडे चालायला लागायचे. तुझ्याही बाबांना दे, पाटी वाचायची हौस भागेल. आणि हे वाक्य पाठ करून ठेव: "एरेबेता वा दोको देसु का?" लिफ्ट कुठे आहे? फार जण तोंडाने सांगत नाहीत, सोबत चालत येऊन दाखवतात.

सकाळी साडेसात ते नऊ मेट्रोत आई-बाबांना घालू नकोस. आमची तोझाई लाइन करोनाच्या आधी देशातली सर्वांत गच्च लाइन होती, क्षमतेच्या १९९ टक्के. मुंबईची लोकल पाहिलेल्याला त्याचं काही वाटणार नाही असं आमच्या ह्यांना वाटलं होतं. फरक इतकाच की इथे कुणी बोलत नाही. तीनशे माणसं एकमेकांच्या अंगावर, आणि चिडीचूप. बाबांना सांग, गाडीत फोन घ्यायचा नाही आणि स्पीकरवर तर मुळीच नाही. माझ्या बाबांनी सांगलीच्या आत्याशी स्पीकरवर बोलायला सुरुवात केली तेव्हा कुणी काही बोललं नाही, फक्त समोरच्या बाईंनी डोळे मिटून घेतले. मला ते जास्त लागलं. सरकत्या जिन्यावर डावीकडे उभं राहायचं. ओसाकात उजवीकडे, का ते विचारू नकोस.

सामान विमानतळावरून हॉटेलात ओढत नेऊ नका. विमानतळावरच ताक्क्युबिनचे म्हणजे सामान पोचवणाऱ्या सेवेचे काउंटर असतात, बॅगा तिथे द्यायच्या, बहुतेक दुसऱ्या दिवशी हॉटेलात पोचतात. एक रात्रीपुरते कपडे आणि औषधं हातात.

खाण्याचं जरा सविस्तर लिहिते, कारण सगळे इथेच फसतात. इथे अडचण मांसाची नसून दाशीची आहे. दाशी म्हणजे त्यांचं आमटीचं पाणी. ते कोंबू नावाच्या समुद्री पाल्याचं असतं, पण बहुतेक ठिकाणी सोबत सुकवून किसलेला बोनितो मासाही असतो. मिसो सूप, सोबा-उदोन या शेवयांचं पाणी, उकडलेल्या भाज्या, सगळ्यात. तू "मांस नको, मासा नको" म्हटलंस तर वेटर खरोखर मनापासून हो म्हणेल आणि वर मासा न घालता त्याच पाण्यातलं उदोन आणून देईल. त्याच्या लेखी त्यात मासा नाहीच. फसवत नसतो, त्याच्या डोक्यात मासा म्हणजे ताटात दिसतो तो. म्हणून "कात्सुओ दाशी"सुद्धा नको असं सांगावं लागतं, आणि ते सांगितलं की निम्म्या जागी माफी मागून नाही म्हणतात.

टोकियो स्टेशनच्या आत, फाटकाच्या आतल्या बाजूला, टीज तानतान म्हणून रामेनची जागा आहे. पूर्ण वनस्पतीजन्य, तिळाच्या वाटणाचं. माझ्या सासूबाईंनी वाडगा तोंडाला लावून रस्सा संपवला होता. कोंबिनीत ओनिगिरी म्हणजे भाताचे त्रिकोण मिळतात, त्यातला नुसता मिठाचा बघायचा. उमेबोशीचा म्हणजे आंबट-खारट आलुबुखारासारख्या फळाचाही चालतो, पण काहींत तोच बोनितो असतो, तेव्हा फोनने मागचं लेबल वाचून घे. ब्रेड-बिस्किटांतही प्राणिजन्य चरबी असू शकते. आणि निशीकासाईला आलात तर डोसा, पोळी, वरण, सगळं आहेच.

पण तू नोव्हेंबरात येतेयस म्हणून तुला खरा खजिना सांगते. रताळी. सुपरमार्केटच्या दाराशीच गरम खड्यांवर भाजलेली रताळी ठेवलेली असतात, कागदी पिशवीत. साल तपकिरी, सुरकुतलेली, आणि मोडलं की आत पिवळंधम्मक. टोकाला चिकट पाक सुटलेला असतो, तो बोटाला लागतो. साखरेचा कणही न घालता शिऱ्याइतकं गोड. थंडीत ते दोन्ही हातांत धरून बाकावर बसायचं. माझी आई चौथ्या दिवसापासून दुपारचं जेवण म्हणून तेच खायची. आसाकुसात फुनावा म्हणून १९०२पासूनचं दुकान आहे, त्यांची इमो-योकान म्हणजे रताळ्याची वडी. घटक तीनच: रताळं, साखर, मीठ. आईने लेबल माझ्याकडून वाचून घेतलं आणि म्हणाली, मग एकादशीला चालेल की!

आता कुठे जायचं. आसाकुसाला जाच, पण सकाळी लवकर. देवळाचं आवार कधीच बंद नसतं. दुकानं उघडायच्या आधी गेलं तर बंद शटरांवरची चित्रं दिसतात आणि आई निवांत चालू शकते. देवळाच्या बाहेरच्या दरवाजाला टांगलेल्या मोठ्या कंदिलाच्या समोरच पर्यटन माहिती केंद्र आहे, वर गच्ची आहे आठव्या मजल्यावर, फुकट, लिफ्टने. तिथून सगळं देऊळ आणि नदीपलीकडची स्कायट्री दिसते. बाबांना हे सांग: तुम्ही ज्या गिंझा लाइनने याल तिचा आसाकुसा ते उएनो हा तुकडा ३० डिसेंबर १९२७ला सुरू झाला, आशियातली पहिली भुयारी रेल्वे.

तिथून नदीच्या कडेने दहा मिनिटं चाललं की मात्सुचियामा शोदेन हे देऊळ. इथे कुणी पर्यटक फिरकत नाही आणि मला कळत नाही आपले लोकसुद्धा का जात नाहीत. अगं, तो आपला गणपती आहे. बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे इथे आला आणि कांगितेन झाला. मूर्ती दाखवत नाहीत, पडद्याआड असते. नैवेद्य कसला माहितीये? मुळा. पांढरा, जाडजूड, हातभर लांब मुळा. आवारातच विकत मिळतो, तो घेऊन आत ठेवायचा. दगडात, लाकडात, कंदिलांवर सगळीकडे एकमेकांना वेढलेल्या दोन मुळ्यांची चित्रं कोरलेली. टेकडीवर आहे, पण जिन्याशेजारी एक छोटीशी डबी रुळावरून वर जाते, तीही फुकट. वाहिलेले मुळे प्रसाद म्हणून परतही देतात. पहिल्यांदा मी तो मुळा काखोटीला मारून मेट्रोने घरी आले. संध्याकाळी त्याची कोशिंबीर केली, वरून हिंगाची फोडणी. देवाच्या प्रसादाला फोडणी दिली म्हणून सासूबाई जरा कुरकुरल्या, मग दोनदा वाढून घेतली.

दुसरा दिवस सुगामो. हाराजुकु म्हणजे तरुणांचा फॅशनचा भाग, आणि सुगामोला टोकियोतले लोक आजीबाईंचं हाराजुकु म्हणतात. आठशे मीटर सपाट बाजाररस्ता, गुडघ्यांना एक पायरी नाही. दुकानात लाल रंगाच्या चड्ड्या-बनियन टांगलेले दिसतील, लाल रंगाने शरीर गरम राहतं आणि नशीब उजळतं अशी समजूत. रस्त्यात कोगान-जी देऊळ आहे आणि आवारात पाण्याने धुवायची कान्नोनची, म्हणजे बौद्धांच्या करुणेच्या देवतेची मूर्ती. आपला जो अवयव दुखतो तो मूर्तीचा ओल्या रुमालाने पुसायचा. पूर्वी लोक ब्रशने घासायचे, घासून घासून मूर्तीचा चेहरा झिजला, मग १९९२ला नवी बसवली आणि ब्रशाला बंदी आली. रुमाल तिथेच विकत मिळतो. महिन्यातल्या ४, १४ आणि २४ तारखेला जत्रा भरते, तुझ्या आठवड्यात २४ येत असेल तर तोच दिवस धर. रस्ता संपतो तिथे कोशिनझुका नावाचा ट्रामचा थांबा आहे. टोकियोतली जुनी ट्राम, वासेदा ते मिनोवाबाशी, सगळी मिळून १२.२ किलोमीटर. लोकांच्या मागच्या दारांना, वाळत घातलेल्या कपड्यांना चाटून जाते. आई-बाबांना खिडकीत बसव आणि शेवटपर्यंत जा, कुठेही उतरू नका.

स्कायट्रीवर पैसे घालवायचे का ते तू ठरव. शिंजुकुत महानगर सरकारच्या इमारतीच्या ४५व्या मजल्यावर, २०२ मीटर उंचीवर फुकट जाता येतं. थंडीतल्या कोरड्या सकाळी तिथून फुजी दिसतो. दिसला तर फुजीचा वेगळा दिवस वाचला. शिबुयाचा चौक एकदा ओलांडा, झालं. डिस्नी मुलं नसतील तर कशाला?

बाबांसाठी एक: सुगिनामी भागात रेन्कोजी नावाचं लहानसं देऊळ आहे, मारुनोउची लाइनवर हिगाशी-कोएंजी स्टेशन. तिथे नेताजींच्या अस्थी असल्याचं सांगतात. त्यावरून आपल्याकडे किती वाद झाले ते बाबांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. आवारात नेताजींचा अर्धपुतळा आहे आणि राजेंद्र प्रसाद, नेहरू, इंदिरा गांधी येऊन गेले त्यांचे शब्द कोरलेले आहेत. माझे बाबा तिथे काही बोललेच नाहीत. चपला काढून उभे राहिले, बाहेर, थंड फरशीवर. मी म्हटलं बाबा, इथे काढायची गरज नाही. ते म्हणाले, असू दे.

पुष्कळ झालं. अजून स्वच्छतागृहांबद्दल सांगायचंय, ते संध्याकाळी लिहिते.

पुन्हा_पुणेकर

काकूंचं जवळपास सगळं पटलं. मी नऊ वर्षं टोकियोत काढून परत आलोय. फक्त हॉटेल कुठे घ्यावं ते त्यांनी लिहिलं नाही, ते मी सांगतो. हॉटेल निशीकासाईला घेऊ नका, उएनोला घ्या. भारतीय जेवणासाठी निशीकासाई ठीक, पण रोज त्या तोझाईत उभं राहून जाणं-येणं सत्तरीच्या माणसांना झेपणार नाही. नारिता विमानतळावर उतरणार असाल तर स्कायलायनर ही रेल्वे थेट उएनोला येते. आसाकुसा गिंझा लाइनने तीन स्टेशनं. दुपारी आईला तासभर पाठ टेकायची असेल तर खोलीवर परत येता येतं, हे सगळ्यात महत्त्वाचं. खोल्या छोट्या असतात. तिघांना एक नको, दोन घ्या, नाहीतर बॅग उघडायला एकाला पलंगावर चढावं लागेल.

उएनोच्या तळ्यात मधोमध बेंतेनदो आहे. बेंझाइतेन म्हणजे आपली सरस्वती, वीणेच्या जागी हातात बिवा हे तंतुवाद्य. गणपती झाला, सरस्वती झाली, शिबामाताला ताइशाकुतेन म्हणजे इंद्रही आहे. एक दिवस फक्त देवांना ठेवा!

गिंकोची पिवळी झाडं तेव्हा ऐन भरात असतील. जिंगू गाइएनचा दुतर्फा रस्ता बघाच. फक्त झाडाखाली पडलेली फळं तुडवू नका, बुटाला तो वास दोन दिवस राहतो. कसला वास ते लिहीत नाही, लोक जेवत असतील.

कासाईची काकू

उएनोचं पुणेकरांचं बरोबर आहे. मी हॉटेलचं लिहिलं नव्हतं, पण घराच्या प्रेमापोटी मनात निशीकासाईच होतं. उएनोच घे.

तर स्वच्छतागृहं. आपल्या आई-बाबांना प्रवासात ही धास्ती असते. इथे अजिबात नको. स्टेशन, बाग, मोठं दुकान, सगळीकडे स्वच्छ, फुकट, आणि बऱ्याच ठिकाणी पाण्याचा फवारा असलेलं मिळतं. आईचे गुडघे दुखतात म्हणून ती चाकाच्या खुर्चीचं चित्र असलेली मोठी खोली वापरेल, त्यात आधाराला दांडेही असतात. पण भिंतीवर बटणांची रांग असते आणि त्यातलं एक मदतीचं असतं. माझ्या सासऱ्यांना एका स्टेशनात पाणी सोडायचं बटण सापडेना. त्यांनी सगळ्यात मोठं, सगळ्यात लाल बटण दाबलं. बाहेर दिवा लागला, भोंगा वाजायला लागला, दोन टोपीवाले कर्मचारी धावत आले आणि दार ठोठावायला लागले. आतून सासरे ओरडतायत, "आलो, आलो, थांबा जरा!" मराठीत. पाच मिनिटांनी बाहेर आले तर ते दोघं कमरेत वाकून त्यांचीच माफी मागतायत. सासऱ्यांनीही उलट वाकून नमस्कार केला. मग ते पुन्हा वाकले. मी मध्ये पडले नसते तर अजून चाललं असतं.

पहिल्या दिवशी हॉटेलच्या खोलीतच दोघांना बटणं नीट समजावून सांग.

आणि कचऱ्याची पिशवी पर्समध्ये ठेव. १९९५च्या मेट्रोतल्या विषारी वायूच्या हल्ल्यानंतर रस्त्यावरचे डबे काढले ते बहुतेक परत आलेच नाहीत. रताळ्याची सालं दिवसभर सोबत घेऊन हिंडावं लागतं.

गोदाकाठची

काकू, पुणेकर, किती लिहिलंत! क्योतो रद्द. डिस्नी रद्द. उएनोला दोन खोल्या घेतल्या. बाबांना डब्यांचं काम सांगितलं तर त्यांनी आत्तापासून वही केलीय. आई विचारतेय, कान्नोनचे दोन्ही गुडघे पुसले तर चालतील का, की एकच?

काकू, इकडून काय आणू तुमच्यासाठी?

कासाईची काकू

दोन्ही पुसायला सांग. फक्त मागे रांग असते, तेव्हा पटपट.

आणायचं म्हणशील तर मेतकूट आण, घरचं. आणि गोडा मसाला. ताजा कढीपत्ता आणू नकोस, विमानतळावर काढून घेतात. मी एकदा आईने निवडून, धुऊन, कागदात गुंडाळून दिलेला डोळ्यांसमोर डब्यात गेलेला पाहिलाय.

शोदेनला जाल त्या दिवशी मला कळव. मुळा तुम्ही हॉटेलात काय करणार, मी येऊन घेऊन जाईन.